दुसरे चंद्रशेखर

शास्त्रज्ञ चंद्रशेखर म्हटलं की सगळ्यांना एकच आठवतात. ताऱ्यांचे चंद्रशेखर, नोबेलवाले, ज्यांच्या नावाची लिमिट क्विझमध्ये हमखास विचारली जाते. हा लेख त्यांच्यावर नाही. हा लेख त्यांच्या आतेभावावर आहे. त्यांचंही नाव एस. चंद्रशेखर, तेही फिजिक्सवाले, तेही रॉयल सोसायटीचे फेलो. नेटवर नाव टाकलं की पहिली दोन पानं ताऱ्यांचीच येतात, आणि आपले हे चंद्रशेखर खाली कुठेतरी सापडतात.

पण तुमच्या रूममध्ये जो लॅपटॉप उघडा पडलाय, त्याच्याशी संबंध या दुसऱ्या चंद्रशेखरांचा आहे. ताऱ्यांच्या चंद्रशेखरांचा नाही.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० चा, कलकत्त्याचा. आई सीतालक्ष्मी ही सर सी. व्ही. रामन यांची सख्खी बहीण. म्हणजे रामन त्यांचे मामा, आणि ताऱ्यांच्या चंद्रशेखरांचे काका. हे घराणंच अजब. आपल्या चंद्रशेखरांचे थोरले भाऊ रामशेषन स्फटिकांचे मोठे अभ्यासक झाले. धाकटे भाऊ पंचरत्नम यांनी १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, प्रकाशाच्या फेजबद्दल असं काही लिहून ठेवलं की ते किती महत्त्वाचं आहे हे जगाला कळायला पुढची तीस वर्षं गेली. एका घरात तिघे भाऊ, तिघेही प्रकाश आणि स्फटिक यांच्या नादाला लागलेले. घरी जेवताना काय बोलत असतील कोण जाणे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे चंद्रशेखर शिकले नागपूरला. १९५१ साली नागपूर विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम. एस्सी. झाले, तेही पहिले येऊन. गंमत म्हणजे मामाही कधीकाळी नागपुरात नोकरीला होते. रामन सरकारी हिशेब खात्यात होते आणि १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. मामांनी तिथे सरकारचे हिशेब पाहिले, भाच्याने चाळीस वर्षांनी तिथेच फिजिक्सची डिग्री घेतली. आपल्याकडच्या विदर्भवाल्या मित्रांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्यांना वादविवादात उपयोगी पडेल.

एम. एस्सी. नंतर ते बंगलोरला, मामांच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेले. ही संस्था तेव्हा नवी होती. रामन यांनी ती स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती, आणि सरकारी पैसा घेतला की सरकारी कागदपत्रंही येतात म्हणून ते त्यापासून लांब राहत. विद्यार्थी मोजके. तिथे चंद्रशेखरांनी विषय घेतला तो स्फटिकांमधल्या प्रकाशाच्या वळण्याचा. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांतून पोलराइज्ड प्रकाश पाठवला तर त्याची दिशा, म्हणजे लाटा ज्या प्रतलात हलतात ते प्रतल, हळूहळू फिरत जातं. लाल रंगाला कमी फिरतं, निळ्याला जास्त. किती आणि का, हे त्यांनी एकेका स्फटिकासाठी मोजलं आणि सूत्रात बसवलं. या कामावर १९५४ साली नागपूर विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली.

प्रकाश फिरवणं ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

त्यानंतर १८५१ एक्झिबिशनची स्कॉलरशिप मिळवून ते केंब्रिजला कॅव्हेंडिश लॅबोरेटरीत गेले आणि तिथे दुसरी डॉक्टरेट केली. विषय एक्सरे आणि न्यूट्रॉन. स्फटिकात शिरलेला एक्सरे आत पुन्हापुन्हा परावर्तित होऊन कमजोर होतो. त्याचा हिशेब धरला नाही तर मोजमापं चुकतात. तो हिशेब कसा धरायचा, हे त्यांचं काम. पुढे काही काळ लंडन. हा भाग मी भराभर सांगतोय, कारण खरी गोष्ट १९६१ पासून सुरू होते.

१९६१ साली म्हैसूर विद्यापीठाने नवीन फिजिक्स डिपार्टमेंट काढलं आणि एकतीस वर्षांच्या चंद्रशेखरांना त्याचं पहिलं प्रमुख केलं. केंब्रिज आणि लंडन पाहून आलेला माणूस म्हैसूरला. डिपार्टमेंट शून्यापासून उभं करायचं. धाकटा भाऊ पंचरत्नमही सोबत आला. तो पुढे ऑक्सफर्डला गेला आणि १९६९ मध्ये, फक्त पस्तिसाव्या वर्षी, वारला. चंद्रशेखरांनी म्हैसूरला एक असा विषय निवडला की ज्यात तेव्हा जगातच फार कोणी काम करत नव्हतं. तो विषय म्हणजे लिक्विड क्रिस्टल.

याला मराठीत द्रव स्फटिक म्हणतात. पण मी लिक्विड क्रिस्टलच लिहिणार आहे. नाहीतर निम्मं हॉस्टेल इथेच पान उलटेल.

आता थोडं मागे जाऊ. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ मिळाला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला. तो १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळ राहिला. आणखी तापवला तर १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ झाला. म्हणजे एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू. त्याने तो जर्मनीत ऑटो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांच्याकडे गरम करता येणारा मायक्रोस्कोप होता. त्यांना दिसलं की मधल्या अवस्थेत हा पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. कारण असं की त्याचे रेणू लांबट आहेत आणि वाहतानाही एका दिशेला तोंड करून राहतात. नदीत सोडलेले ओंडके पुढेमागे कसेही असले तरी प्रवाहाच्या दिशेने लांबीला लांबी लावून वाहतात, तसंच काहीसं.

पुढची सत्तरऐंशी वर्षं ही गंमत प्रयोगशाळेतच राहिली. मग १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने जाहीर केलं की लिक्विड क्रिस्टलला वीज लावून आकडे दाखवता येतात. १९७० च्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिश यांनी ट्विस्टेड नेमॅटिक प्रकार शोधला. १९७३ पर्यंत इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी खोलीच्या तापमानाला चालणारे टिकाऊ रेणू बनवले. कॅल्क्युलेटर आणि घड्याळं सुरू झाली ती इथून.

म्हैसूरला चंद्रशेखरांनी हात घातला तो मात्र डिस्प्लेत नाही, रंगांत. रायनित्झरचा तो पदार्थ ज्या जातीचा, त्या जातीत रेणूंचे थर एकावर एक थोडेथोडे फिरत जातात, गोल जिन्यासारखे. अशा पदार्थावर उजेड पडला की तो हिरवा, निळा, लाल झळकतो, आणि पोलराइज्ड प्रकाशाला प्रचंड फिरवतो. क्वार्ट्झच्या कित्येक पट. चंद्रशेखरांकडे दोन गोष्टी तयार होत्या. एक म्हणजे प्रकाश फिरवण्याचं गणित, जे ते मामांकडे शिकले होते. दुसरी, थराथरांत पुन्हापुन्हा परावर्तित होणाऱ्या लाटांचा हिशेब, जो त्यांनी केंब्रिजला एक्सरेसाठी केला होता. त्यांनी एक्सरेचं गणित उचललं आणि लिक्विड क्रिस्टलच्या जिन्याला लावलं. ते बसलं. दोन डॉक्टरेटचा एकत्र उपयोग झालेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. आपल्याकडे सेमिस्टर संपलं की विषयाचं पुस्तक ज्युनियरला विकतात. त्यांनी एकही विषय विकलेला दिसत नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये रामन वारले. १९७१ मध्ये चंद्रशेखर बंगलोरला परत आले, त्याच इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तिथे लिक्विड क्रिस्टलची प्रयोगशाळा काढली. त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट वेगळी होती. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी केमिस्ट्रीवाले बसवले. तोवर बहुतेक फिजिक्सवाले पदार्थ बाहेरून मागवत आणि मोजत. इथे रेणू कसा असावा याचा विचार, तो बनवणं, शुद्ध करणं, मायक्रोस्कोपखाली बघणं आणि एक्सरेने तपासणं, सगळं एकाच छताखाली. थोरले भाऊ रामशेषन यांच्याबरोबरही त्यांनी एक सुंदर काम केलं. काही पदार्थ असे असतात की कितीही तापवा, लिक्विड क्रिस्टल होत नाहीत, सरळ वितळतात. या मंडळींनी त्यांच्यावर जबरदस्त दाब दिला आणि दाबाखाली मधली अवस्था उगवली. डिसेंबर १९७३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या रौप्यमहोत्सवाला बंगलोरमध्ये लिक्विड क्रिस्टलची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि जगभरची मंडळी इथे आली. दोनतीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या प्रयोगशाळेसाठी हे काही थोडं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट.

लिक्विड क्रिस्टल व्हायचं तर रेणू लांब आणि सरळ हवा, हा नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाले इथल्या फोरलेंडर यांनी घालून दिला होता. त्यांनी शेकडो पदार्थ बनवून तो तपासला होता. काडीसारखा रेणू असेल तर चालेल, बाकीचे नाही. सत्तरएक वर्षं तोच नियम चालला. डिस्प्लेवाल्यांना तर काडीच हवी होती, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

चंद्रशेखर, त्यांचे केमिस्ट सहकारी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी विचारलं की काडीच का? चकती का नाही? त्यांनी बेंझिनची कडी घेतली. ती चपटी असतेच. तिच्या सहाही कोपऱ्यांना एकेक लवचिक शेपटी लावली. वरून पाहिलं तर मधे चकती आणि चारी बाजूंना लोंबणारे धागे. हे पदार्थ शुद्ध करून तापवले तेव्हा त्यांतल्या काहींना ऐंशी अंशांच्या थोडं वर एक मधली अवस्था मिळाली. तीही जेमतेम काही अंश टिकणारी. घाईत तापवलं तर बघता बघता निघून जाईल अशी.

ती नेमकी काय आहे हे एक्सरेने सांगितलं. मेसमध्ये पोळ्यांची चवड लावलेली असते ना, तशा या चकत्या एकावर एक बसतात. अशी एक चवड, शेजारी दुसरी, तिसरी. वरून बघितलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी, अगदी नेमकी. पण चवडीच्या आत मात्र दोन चकत्यांमधलं अंतर नेमकं नाही. तिथे सगळं ढिलं, द्रवासारखं. म्हणजे आडव्या दिशेने स्फटिक आणि उभ्या दिशेने द्रव. असा पदार्थ त्याआधी कोणी पाहिला नव्हता. काडीवाल्या लिक्विड क्रिस्टलच्या जेवढ्या जाती माहीत होत्या त्यांत हा कुठेच बसत नव्हता. ही नवी जातच होती.

हे १९७७ साली छापून आलं. नेचरमध्ये नाही, तर प्रमाण या बंगलोरहून निघणाऱ्या भारतीय जर्नलमध्ये. तिघांच्या नावाचा, मोजक्या पानांचा लेख. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडली. आपल्याकडे एक समजूत आहे की इथलं जर्नल म्हणजे नोकरीत प्रमोशनसाठी छापायची जागा. त्या लेखाचा उल्लेख पुढे जगभरच्या हजारो पेपरांत झाला. चांगलं काही असलं की लोक बंगलोरचं जर्नलसुद्धा शोधून वाचतात. त्याच वर्षी त्यांचं लिक्विड क्रिस्टलवरचं पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं, आणि त्याची पुढे रशियन आणि जपानी भाषांतरंही झाली. १९७७ हे वर्ष त्यांचंच म्हणायला हवं.

फ्रान्समधल्या लोकांनी लगेच पुढची पायरी गाठली. त्यांनी बेंझिनच्या एका कडीऐवजी ट्रायफिनायलिन नावाची मोठी चकती वापरली. चार कड्या जोडून झालेली. तिच्या चवडी जास्त पक्क्या आणि जास्त तापमानात टिकणाऱ्या. नंतर कळलं की चवडीच्या उभ्या दिशेने वीजही बरी वाहते, जणू रेणूंची तार. त्यावर वेगळं काम सुरू झालं. आपल्याला इथे हवा आहे तो लॅपटॉप.

लॅपटॉपच्या स्वस्त पडद्याचा एक रोग सगळ्यांना माहीत आहे. एका खोलीत आठ जण, एक लॅपटॉप, मॅच चालू. मधे बसलेल्याला सगळं नीट दिसतं. कडेला बसलेल्याला चेहरे फिक्कट आणि खाली जमिनीवर बसलेल्याला फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. असं का होतं? ट्विस्टेड नेमॅटिक पडद्यात दोन काचांमधे काडीसारखे रेणू असतात आणि एका काचेपासून दुसरीपर्यंत ते पाव फेरा वळत जातात. त्यांच्याबरोबर प्रकाशाचं प्रतलही पाव फेरा वळतं, म्हणून तो पुढच्या पोलरायझरमधून पार होतो आणि ठिपका उजळ दिसतो. क्वार्ट्झमधलं फिरणं वेगळ्या कारणाने होतं, पण प्रकाश फिरवण्याचं काम तेच. वीज लावली की काड्या उभ्या राहतात, फिरवणं थांबतं, पोलरायझर प्रकाश अडवतो आणि ठिपका काळा होतो.

घोळ या काळ्यात आहे. समोरून पाहिलं तर उभी काडी टोकाकडून दिसते, म्हणजे नुसता ठिपका. ती प्रकाशाला काही करत नाही. पण बाजूने पाहिलं तर काडीची लांबी दिसते, ती प्रकाशाला पुन्हा वळवते आणि काळ्यातून उजेड गळतो. त्यात आणखी भानगड म्हणजे काचेला चिकटलेल्या काड्या वीज लावली तरी पूर्ण उभ्या राहत नाहीत. काचेजवळ आडव्या, जरा आत तिरक्या, मधे उभ्या, असा त्यांचा उतार असतो. म्हणून वरून आणि खालून वेगवेगळं दिसतं.

काडीने केलेला बिघाड काढायचा तर काडीच्या उलट वागणारी वस्तू हवी. काडी लांबीच्या दिशेने प्रकाशाला एका प्रकारे वागवते, चकती तिच्या उभ्या दिशेने बरोबर उलट. एकाची बेरीज तर दुसऱ्याची वजाबाकी. मग काडीच्या पडद्यावर चकत्यांचा पातळ थर ठेवला, आणि आत काड्यांचा जसा उतार आहे तसाच उतार चकत्यांनाही दिला, तर एकाने बिघडवलेलं दुसरा दुरुस्त करेल. आरशात धरल्यासारखं.

हे करून दाखवलं जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने. १९९५ च्या सुमारास त्यांनी वाइड व्ह्यू नावाची फिल्म बाजारात आणली. एका पारदर्शक फिल्मवर ट्रायफिनायलिन जातीच्या चकत्यांचा काही मायक्रॉन जाडीचा थर पसरायचा, चकत्यांनी खालपासून वरपर्यंत हळूहळू कलत जायचं, आणि ते जमलं की अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून सगळं जिथल्या तिथे गोठवायचं. मग ही फिल्म पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोलरायझरबरोबर चिकटवायची. आतली काच, ट्रान्झिस्टर, कारखाना, कशालाच हात लावायचा नाही. पडदा बनवणाऱ्यांना हे फार सोयीचं होतं. आयपीएस वगैरे दुसऱ्या जातीचे पडदे पसरेपर्यंत जगातल्या असंख्य मॉनिटर आणि लॅपटॉपच्या पडद्यांवर ही फिल्म लागली. म्हणजे जमिनीवर बसलेल्या मित्राला जे काही थोडंफार दिसत होतं, ते चकत्यांमुळे. त्या नसत्या तर त्याला तेवढंही दिसलं नसतं.

असल्या गोष्टी आपल्याकडे सांगताना शेवट ठरलेला असतो. शोध आपला, पैसा जपान्यांचा, आणि एक सुस्कारा. मी कँटीनमध्ये हे सांगितलं तेव्हाही तेच झालं. मला मात्र ते पटत नाही. ती फिल्म बनवायला काय लागलं ते बघा. १९७७ चा पदार्थ ऐंशीच्या पुढच्या काही अंशांतच टिकत होता, म्हणून ट्रायफिनायलिन लागलं, आणि ते फ्रान्समधून आलं. मग चकत्या गोठवायची केमिस्ट्री लागली. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मैलोन्मैल लांब फिल्मवर काही मायक्रॉनचा थर एकही डाग न पडता, एकही धूळकण न बसता पसरवणं. ही कला कोणाकडे असणार? कॅमेऱ्याचे रोल बनवणाऱ्याकडे. फुजी १९३४ पासून तेच करत होती. पोलरायझरला जी ट्रायॲसिटेट फिल्म लागते, तीच कॅमेऱ्याच्या रोलचीही. त्यांच्याकडे फिल्म होती, पसरवायची मशीनं होती आणि ती चालवणारे लोक होते. फक्त चकत्यांची कल्पना नव्हती, आणि ती कोणीही वाचावी अशी छापलेली होती. कल्पना बंगलोरची आणि कारखाना जपानचा, यात चोरी कुठेच नाही. उणीव असलीच तर ती आपल्याकडे फिल्मवर थर पसरवणाऱ्या कारखान्याची होती. पडद्यांची पॅनेलं आपण आजही बहुतेक बाहेरूनच आणतो, आणि त्याचं कारण शास्त्रज्ञांची कमतरता हे नाही. ही माझी समजूत आहे, मेकॅनिकल आणि केमिकलच्या सरांनी वाटल्यास दुरुस्त करावी.

चंद्रशेखरांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. कारण त्यांनी पुढे जे केलं ते बघा. १९९० मध्ये ते इन्स्टिट्यूटमधून निवृत्त झाले. तोपर्यंत बहुतेक मानसन्मान झाले होते. १९७२ चं भटनागर पारितोषिक, १९८३ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय लिक्विड क्रिस्टल सोसायटी स्थापन झाली, तर तिचे पहिले अध्यक्षही तेच. साठीचा माणूस पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढून, परदेशी व्याख्यानं देऊन आरामात राहिला असता. दुसरी आवृत्ती त्यांनी काढलीच, १९९२ मध्ये. पण त्याआधी, १९९१ मध्ये, त्यांनी पुन्हा शून्यापासून एक संस्था काढली. सेंटर फॉर लिक्विड क्रिस्टल रिसर्च. जागा कुठे, तर जालहळ्ळीला, भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिलेल्या इमारतीत. भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे सैन्यासाठी रडार आणि रेडिओ बनवणारी सरकारी कंपनी. फिजिक्सवाल्याने संस्थेची जागा विद्यापीठात न शोधता कारखान्याच्या शेजारी शोधली. १९९५ मध्ये ही संस्था केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याखाली आली. विज्ञान खात्याखाली नव्हे, इलेक्ट्रॉनिक्स खात्याखाली. ज्या मामांनी सरकारी पैसा नको म्हटलं, त्यांच्या भाच्याने तो मिळवून संस्था चालवली. दोघांचाही काळ वेगळा होता, आणि मोठी यंत्रसामग्री लागणारा विषय घेतल्यावर भाच्यापुढे दुसरा रस्ता तरी काय होता?

तिथे एकदम डिस्प्लेचा कारखाना उभा राहिला असं झालं नाही. कारखान्याला लागणारा पैसा संशोधन संस्थेच्या आवाक्यात नसतो. तैवान आणि कोरियात त्याच वर्षांत सरकार आणि मोठ्या कंपन्या मिळून अब्जावधी ओतत होत्या. जालहळ्ळीला तयार झाली ती माणसं. रेणू बनवणारी, मोजणारी, सेल भरून बघणारी. चंद्रशेखरांचे म्हैसूर, रामन इन्स्टिट्यूट आणि जालहळ्ळीचे विद्यार्थी आणि सहकारी धरले तर भारतात लिक्विड क्रिस्टलवर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण कुठून ना कुठून त्यांच्यापर्यंत पोचतात. घराण्याची परंपरा म्हणतात ती गाण्यात, तशी इथे.

१९९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिलं. १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी युनेस्कोचं नील्स बोर सुवर्णपदक. वृत्तपत्रांत त्यांचं नाव मात्र फारसं आलं नाही, आणि जिथे आलं तिथे त्या दुसऱ्या चंद्रशेखरांशी गल्लत होण्याची सोय कायम होती. १९९५ मध्ये ताऱ्यांचे चंद्रशेखर वारले. २००३ च्या अखेरीस थोरले भाऊ रामशेषनही गेले. पाठोपाठ ८ मार्च २००४ ला हे चंद्रशेखर गेले, त्र्याहत्तराव्या वर्षी. आपल्यातले बहुतेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते.

त्यांची संस्था २००३ मध्येच विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याकडे गेली होती. २०१० मध्ये तिचं नाव सेंटर फॉर सॉफ्ट मॅटर रिसर्च झालं, २०१४ मध्ये सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस. पाटीवरून लिक्विड क्रिस्टल हे शब्द गेले. आत मात्र लिक्विड क्रिस्टलवर काम करणारी मंडळी राहिली. ज्यांना फायनल इयर प्रोजेक्टसाठी बंगलोरला जायचं आहे, त्यांनी या संस्थेचं पान एकदा जरूर उघडून बघावं.